घे म्हटल्याशिवाय

शुक्रवार, २ फेब्रुवारी

मागल्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीत शेवटची चाळीस पाने कोरी राहिली. कोरी पाने रद्दीत घालणे माझ्या जिवावर येते. त्यांत रोजचे काही लिहावे असे कधीपासून मनात होते, पण लिहिण्यासारखे घडतेच काय? आज घडले.

हे प्राण्यांच्या बागेतून लवकर आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले. गणवेशाचा कोट अंगातून काढून छातीशी धरलेला. सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिले.

"काय रे, कोट भिजला का?"

"भिजला नाही, आई. कोटात अस्वल आहे."

"बरं," सासूबाई म्हणाल्या, "मग दार लाव. वारं येतंय."

बागेतल्या खड्ड्यातली अस्वलाची मादी काल गेली. रविवारी सगळे शहर बागेत लोटते. लोक कठड्यावरून वाकून छत्रीच्या टोकाला पाव लावून तिला चारत आणि ती दोन पायांवर उभी राहून अलगद काढून घेई. कोणाच्या तरी छत्रीचे लोखंडी टोकच पावाबरोबर पोटात गेले. बारा वर्षे ह्यांनी तिची निगा राखली. सांगताना हे भिंतीकडे बघत होते. पिल्लू सहा आठवड्यांचे, तेही मादीच. मोठे साहेब म्हणाले, "पिंजऱ्यात हे जगणार नाही, घरी ने. चार महिने काढ, मग परत आण." बागेच्या कामगारांच्या खोल्या पाखरांच्या पिंजऱ्यामागेच असल्याने साहेबांना ते सोपे वाटले असेल.

मी स्पष्ट सांगितले की माझ्या स्वयंपाकघरात जनावर येणार नाही. तेवढ्यात कोट कण्हला. आता घरात ऊबदार अशी जागा स्वयंपाकघर ही एकच आहे, त्याला मी काय करणार.

रविवार, ४ फेब्रुवारी

दोन दिवस थेंब घेतला नाही. बाटली, बोळा, चमचा, सगळे झाले. आज पहाटे मी माझी निळी शाल डोक्यावरून पांघरून पिल्लाला आत घेतले आणि अंधारात तशीच बसून राहिले. बोळा करंगळीला गुंडाळला. बऱ्याच वेळाने ओढ लागली. पोट भरताना ही गुणगुणते, अगदी दुरून एखादे यंत्र चालू असल्यासारखी. सासूबाई झोपेतून उठून विचारू लागल्या की गिरणी कोणी सुरू केली.

पावशेर दूध गेले. देवाचे आभार मानले.

मंगळवार, २० फेब्रुवारी

आता ती पाठीवर चढून बसते. रानात आईच्या पाठीवर बसूनच हिंडतात म्हणे. मी केर काढते, भांडी घासते, पाणी भरते, ती शालीला धरून पाठीवर. उतरवली तर रडते. सासूबाईंनी तिचे नाव "पाहुणीबाई" ठेवले आहे आणि म्हणतात, "लोकांच्या सुना पोर कडेवर घेतात. आमचीला मागून लागतं."

शेजारीण (तिचा नवरा पाखरांकडे असतो) नळावर म्हणाली, "चौदा वर्षांनी का होईना, देवाने पाठीवर तरी दिलं." ती वाईट मनाची नाही. तरी मी घागर अर्धीच भरून घरी आले.

सोमवार, १९ मार्च

आमच्या घरी देवाचे आभार मानल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. माझ्या वडिलांची ही शिस्त. मॅट्रिकच्या परीक्षेला निघायला उशीर झाला होता, तेव्हाही त्यांनी मला ताटावर थांबवले होते. ओळी साध्या आहेत. "तू दिलेस म्हणून आहे, तुझे आहे म्हणून घेतो. कोणाच्याही घरी कोणी उपाशी न राहो."

पाहुणीबाई मात्र पेजेचे भांडे दिसले की तोंड खुपसते. निम्मी पेज जमिनीवर, निम्मी माझ्या अंगावर. ही नासाडी मला बघवत नाही. म्हणून शिकवायचे ठरवले. भांडे समोर ठेवायचे, मी हात जोडून ओळी म्हणायच्या, मग तिच्या कपाळाला बोट लावून "घे" म्हणायचे. त्याआधी तोंड घातले की भांडे वर.

अकरा दिवस लागले. आज भांडे ठेवले, तर ती मागच्या पायांवर बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ओळी संपल्या, "घे" म्हटले, तेव्हाच जीभ बाहेर आली. एक थेंब सांडला नाही. सासूबाईंनी तिला हात जोडले. "माझ्या पोराला शिकवायला मला सहा वर्षं लागली," म्हणाल्या.

हे जेवताजेवता म्हणाले, "पिंजऱ्यात तिला कोण ओळी म्हणून दाखवणार?"

मी म्हटले, "चांगली सवय कुठे वाया जाते का?"

शनिवार, ७ एप्रिल

मोठे साहेब पाहुणे घेऊन आले. बरोबर वर्तमानपत्राचा एक माणूस होता. पाहुणीबाईने सगळ्यांसमोर भांड्यापुढे बसून वाट पाहिली. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. बागेचे डॉक्टरही होते. त्यांनी विचारले, "वहिनी, दुसऱ्या कोणाच्या हातून खाते का?"

"अजिबात नाही," मी सांगितले. "हे समोर बसले तरी तोंड लावत नाही."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी टिपून घेतले. माझे कौतुक साहेबांच्या दप्तरात जाणार असे वाटून मला बरे वाटले. गर्व हा दोष आहे हे ठाऊक असूनही वाटले. लिहून ठेवते.

बुधवार, २ मे

साहेबांचा निरोप आला की आतापासून इतरांनीही तिला खाऊ घालावे. हे आज बसले. ह्यांना कशातच सावकाशी नाही. ओळी भराभर म्हटल्या आणि "कोणाच्याही घरी" गाळले. पाहुणीबाईने तोंड फिरवले आणि भिंतीला नाक लावून बसली. हे दुसऱ्यांदा म्हणू लागले, तर मीच भांडे घेतले. तोवर पेज गार झाली असती.

"तू जरा बाहेर जा ना," हे म्हणाले. "तू दिसलीस की ती माझ्याकडे बघत नाही."

"उद्या बघू," मी म्हटले.

उद्या कपडे धुवायचे आहेत, परवा सासूबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचे आहे. पुढच्या आठवड्यात बघू. खरे सांगायचे तर तिने तोंड फिरवले तेव्हा मला मनातून आनंद झाला. असे लिहू नये, पण वहीपासून काय लपवायचे.

रविवार, २० मे

पाहुणीबाईचे वजन आता सासूबाईंच्या निम्मे आहे. आज खेळता खेळता तिने त्यांना पाडले. मनगट सुजले आहे. सासूबाई म्हणतात, "माझीच चूक. तिच्या वाटेत उभी होते." पण ह्यांना साहेबांना सांगावेच लागले. गुरुवारी न्यायचे ठरले.

हे आज एकदाच ओळी म्हणायला बसले. मी बाहेर उभी राहिले. फार वेळ काही होईना, आणि मग ती मला हाक मारते तशी ओरडली. मी आत गेले.

गुरुवार, २४ मे

मीच पाठीवर बसवून नेले. पिंजरा नवा आहे, खड्ड्याच्या बाजूला, आत लाकडी माची. मी माचीवर बसून शेवटची पेज दिली. बाहेर आले तेव्हा ती गजांना धरून उभी होती, पण रडली नाही. मी भांडी घासायला जाते तेव्हाही अशीच उभी राहते.

साहेब चांगले बोलले. "बाई, तुमचे उपकार बाग विसरणार नाही. आता एक करा. महिनाभर इकडे फिरकू नका. तुम्ही दिसलात की तिचा नवा संसार लागायचा नाही."

हे काही सांगायला लागले होते, "साहेब, ती खाण्याच्या बाबतीत जरा..."

साहेब म्हणाले, "भुकेपुढे कोणाचा हट्ट टिकत नाही. जनावर आहे ते."

घरी आले आणि मनाची खात्री वाटेना. खोल्यांच्या मागून पिंजरा शंभर पावलांवर आहे. पाय आपसूक वळतील. म्हणून देवापुढे बसून शब्द दिला की महिनाभर त्या बाजूला जाणार नाही, तिच्या भल्यासाठी. ह्यांच्या आणि सासूबाईंच्या समोर दिला, म्हणजे मोडता येणार नाही.

निळी शाल धुतली नाही. उद्या धुवीन.

रविवार, २७ मे

ह्यांना विचारले, कशी आहे? म्हणाले, "रुळतेय."

जेवायला बसल्यावर म्हणाले, "त्या ओळी नीट सांग बरं. सावकाश सांग."

चौदा वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी आपणहून विचारले. मला इतके बरे वाटले की वहीचे अर्धे पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या. ह्यांनी घडी घालून खिशात ठेवल्या. पाहुणीबाईच्या जाण्याने घर उदास आहे, पण त्यातून हे एक चांगले निघाले.

मंगळवार, २९ मे

हे मोरीत दार लावून ओळी घोकत होते. चांगले आहे. पण बारीक, बायकी आवाजात. मी कान देऊन ऐकले. हुबेहूब माझी नक्कल, "उपाशी" वर मी थांबते तसे थांबणेसुद्धा. बाहेर आल्यावर मी विचारले, "देवाच्या ओळींची थट्टा करता?"

हे टॉवेल खांद्यावर टाकून तसेच उभे राहिले. मी दिवसभर अबोला धरला.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, लहानपणी हा बाजारवालीची नक्कल करायचा. थट्टा करताना त्याचं तोंड असं नसतं."

गुरुवार, ३१ मे

निळी शाल सापडत नव्हती. विचारल्यावर म्हणाले, पिंजरा पुसायला नेली. पिंजरा पुसायला चांगली धड शाल? घरात फाटकी फडकी काय थोडी आहेत? आणि माझा डोक्याचा रुमालही नेलेला.

संध्याकाळी ह्यांच्या पिशवीत दोन्ही सापडले. शालीने काही पुसलेले दिसत नाही. खांद्याशी पिन लावलेली, मी लावते तिथेच, आणि रुमालाची गाठ हनुवटीखाली बांधतात तशी. पुसायच्या फडक्याला पिन कशाला लागते? ह्यांना विचारणार होते, पण अबोला कालच सुटला आहे, पुन्हा नको.

शालीला तिचा वास अजून आहे. पुन्हा धुवायची राहिली.

शनिवार, २ जून

जेवताना ह्यांनी विचारले, "देवाला दिलेला शब्द मोडला तर पाप लागतं का?"

"लागतंच," मी म्हटले.

"चांगल्या कारणासाठी मोडला तरी?"

"कारण प्रत्येकालाच चांगलं वाटतं. म्हणून तर शब्द द्यायचा असतो."

सासूबाई ह्यांच्याकडे बघत होत्या. हे अर्ध्या ताटावरून उठले. मला वाटले, ह्यांनी कसला तरी शब्द दिला आहे आणि तो जड जातो आहे. रात्री ह्यांच्यासाठी वेगळी प्रार्थना केली की ह्यांना शब्द पाळायचे बळ दे.

दहा दिवस झाले. अजून वीस राहिले.

सोमवार, ४ जून

कालचे आज लिहिते.

काल दुपारी सासूबाई शेजारणीकडून आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "उठ. ती उपाशी आहे."

"कोण?"

"दहा दिवस झाले. कोणाच्या हातून काही खात नाही. साहेबाने तुला सांगायचं नाही म्हणून ताकीद दिलीय, आणि माझा मुलगा ताकीद पाळतोय, आणि तू शब्द पाळतेयस. सगळे पाळा. ती मरू दे."

"मी देवाला..."

"देवाशी मी बघते. माझं वय झालंय, लवकरच भेट आहे. तू उठ."

वहाणा घातल्या की नाही आठवत नाही. रविवारची गर्दी होती, बँड वाजत होता, हत्तीवर बसायला मुलांची रांग लागली होती. पिंजऱ्यावर गोणपाट टाकले होते, लोकांना दिसू नये म्हणून. हे आत होते. अंगावर माझी निळी शाल, डोक्याला माझा रुमाल, मिश्यांसकट. मांडीवर भांडे. मला पाहून हे उठले नाहीत.

ती माचीवर पडली होती. केस जागोजागी विरळ झालेले, नाक कोरडे. भांडे पुढे ठेवल्यावर ती उठली. तिला उठता येत नव्हते, तरी मागच्या पायांवर बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी ओळी म्हटल्या. "कोणी उपाशी न राहो" म्हणताना माझा आवाज गेला. ती तरी थांबून होती. मी पुन्हा पहिल्यापासून म्हटल्या. कपाळाला बोट लावले. घे, म्हटले.

तिने चार वेळा जीभ लावली. गुणगुणायला लागली आणि मध्येच खोकली. पेज नाकातून बाहेर आली.

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, चार दिवसांपूर्वी नळीने दूध घातलं, ते छातीत गेलं. पोटात ठरलं असतं तर वेळ मिळाली असती." ते हळू बोलत होते. मी म्हटले, "नळी घालायच्या आधी मला का नाही बोलावलं?" ते म्हणाले, "मी साहेबांना दोनदा लिहून दिलं. पहिल्यांदा एप्रिलमध्ये."

मी तिला शालीत घेऊन बसले. पाठीवर घेता येत नव्हते, धरायची ताकद तिच्यात नव्हती. आज सकाळी बाग उघडायच्या आधी गेली.

शनिवार, ९ जून

साहेब घरी येऊन गेले. म्हणाले, जन्मतःच अशक्त होती. वर्तमानपत्रातही तसेच आले आहे. मी म्हटले, "ती अशक्त नव्हती, साहेब. तिने माझ्या सासूबाईंना पाडलं होतं." सासूबाईंनी मनगट दाखवले. ते चहा न घेता गेले.

ह्यांच्याशी आज बोलले. मी विचारले, "मला का नाही सांगितलंत?"

हे म्हणाले, "पहिले तीन दिवस वाटलं, भूक जिंकेल. मग वाटलं, मी तुझ्यासारखा झालो तर खाईल. पहिल्या दिवशी शाल बघून धावत आली. जवळ येऊन वास घेतला आणि पाठ फिरवली. त्यानंतर मी आलो की ती आधीच पाठ करून बसायची. माझ्यावरचा विश्वासही गेला. मग तुला विचारलं, आठवतं? पाप लागतं का."

"सरळ विचारायचं होतंत."

"सरळ विचारलं असतं तर तू आली असतीस. आणि ती तरीही गेली असती तर? देवाचा शब्द मोडला म्हणून गेली, असं तू जन्मभर मानलं असतंस. तुला मी ओळखतो ना."

ह्यांचे म्हणणे खरे आहे. मी तसेच मानले असते. आता काय मानू?

ही वही मागून पुढे वाचली. सगळे माझ्याच हाताने लिहिलेले आहे. डॉक्टरांनी काय विचारले, हे काय म्हणाले, मी भांडे कसे ओढून घेतले. शाळेत मला उताऱ्याखालच्या प्रश्नांत पूर्ण गुण मिळत.

त्या सवयीत वाईट काय होते, हे देवाला रोज विचारते. ओळी वाईट नाहीत. पण मी तिला आभार मानायला शिकवले नव्हते. माझ्याशिवाय जेवायचे नाही, एवढेच शिकवले होते. दोन्हींतला फरक त्या मुक्या जिवाला कुठून कळणार. मॅट्रिक झालेल्या मलाही कळला नाही.

घरात ओळी आता सासूबाई म्हणतात. मी हात जोडून बसते.

बुधवार, २७ जून

निळी शाल ह्यांनी तिच्याबरोबर पुरली, हे आज कळले. मी कपाटे उपसत होते. विचारून पुरायची होती, असे म्हणणार होते. मग म्हटले नाही.

गुरुवार, १२ जुलै

सोमवारी हे पुन्हा कोट छातीशी धरून आले. हरणाचे पाडस, चार दिवसांचे, आई बाळंतपणात गेली. हे आत येईनात. उंबऱ्यातूनच म्हणाले, "नको असेल तर तसं सांग. मी दुसरीकडे बघतो."

साहेबांचा निरोप होता, "तुम्हालाच जमेल."

मी म्हटले, "म्हणूनच एकट्या माझ्याकडे नको." आणि वहीच्या उरलेल्या पानावर पाळ्या लिहिल्या. सोमवारी शेजारीण, मंगळवारी सासूबाई, बुधवारी हे, शुक्रवारी शेजारणीचा नवरा, शनिवारी झाडूवाली, रविवारी डॉक्टर. डॉक्टर म्हणाले, रविवारी मला सुट्टी असते. मी म्हटले, पाडसाला नसते. कबूल झाले. बाटली कोणीही द्यावी, कुठल्याही कोपऱ्यात, बोलत, गात, भांडत. ठरावीक शब्द कोणी काढायचा नाही. सासूबाईंना तोंड बंद ठेवणे जमत नाही, पण त्या दर वेळी वेगळे बोलतात, त्यामुळे चालते. परवा पाडसाला त्यांनी साहेबांविषयी बरेच सांगितले.

शेजारणीने विचारले, "तुझी पाळी आठवड्यातून एकदाच? घरात ते तुझ्या असून?"

"एकदा पुरे," मी म्हटले. तिने माझी घागर भरून दिली.

माझी पाळी गुरुवारची. आज मी पहिल्यांदा बसले. तोंडातून अक्षर काढले नाही, मनातल्या मनात काय म्हटले ते देवाला ठाऊक. पाडसाने बाटली संपवली, मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिले. कान इतके पातळ की उजेड आरपार दिसत होता. कपाळावर हात ठेवावासा वाटला.

बाटली उचलली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतले.